आईच्या अक्षराचं चित्र



बोईसरहून आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. चांगलं दोन पानी आहे. ‘माझं नाव छापू नका’ हे वाक्य तिनं दोनदा अधोरेखित केलंय, त्यामुळे नाव काही सांगत नाही. मजकूर मात्र तुम्हाला सांगायलाच हवा.

झालं असं, की तिच्या शाळेत ‘आई आणि मुलगी’ या विषयावर चित्रप्रदर्शन भरलं. कागदावरचं चित्र एकही नव्हतं. सभागृहात अंधार केलेला, समोर मोठा पडदा, आणि त्यावर एकामागून एक डिजिटल चित्रं. पाठीमागे बासरी. एका चित्रात आई मुलीची वेणी घालतेय, दुसऱ्यात दोघी पावसात एका छत्रीखाली, तिसऱ्यात आईच्या मांडीवर लेक झोपलीय आणि खिडकीतून सोनेरी ऊन आलंय. शेवटी वारली पद्धतीचं एक. सगळे ‘किती गोड!’ म्हणत होते. हिच्या शेजारच्या बाईंनी तर डोळ्यांना पदर लावला. आणि हिला? काहीच वाटलं नाही. शेवटच्या चित्राच्या वेळी तिची आजी तेवढी पुटपुटली, “अगं, हिचा अंबाडा कुठंय?”

मग ती घरी आली. आई कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेली. ओट्यावर पातेल्याखाली नेहमीसारखी चिठ्ठी: ‘वरण गरम करून घे. गॅस नीट बंद कर. आजीची गोळी.’ ती चिठ्ठी वाचता वाचता तिला एकदम रडू फुटलं. रोजचीच चिठ्ठी, तिच्यात रडण्यासारखं काही नाही. आता तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: ‘मला चित्रातलं काही कळत नाही का?’

प्रश्न मोठा झकास आहे. याचं उत्तर दोन ओळींत देऊन पत्र फायलीत लावून टाकणं काही बरं नव्हे. म्हणून आजचं सगळं पान तिच्यासाठी.

आधी पडद्यावर काय होतं ते बघू या. डिजिटल चित्र म्हणजे खरं तर आकड्यांची यादी. तुमच्या दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात ना? आधी ठिपके, मग रेषा. संगणकाच्या चित्रात नुसते ठिपकेच असतात, चौकोनी आणि एकमेकांना खेटून बसलेले. प्रत्येक ठिपक्यात लाल किती, हिरवा किती, निळा किती, हे आकड्यांत लिहिलेलं असतं. मोबाइलवरचा फोटो मोठा मोठा करत नेलात, की ते चौकोन उघडे पडतात. आता हे आकडे कुणी भरले, यावर सगळं अवलंबून. कुणी चित्रकार पाटीसारख्या काचेवर खास पेननं रेषा ओढतो, त्याच्या हाताच्या हालचालीचे आकडे होतात. ते हातानंच काढलेलं चित्र, फक्त कागद नाही इतकंच. कुणी कॅमेऱ्यानं फोटो घेतो. आणि अलीकडे तिसरा प्रकार आलाय. ‘आई आणि मुलगी, पाऊस, एक छत्री’ असं नुसतं लिहायचं आणि चित्र तयार!

या तिसऱ्या प्रकाराची गंमत समजून घ्या. असं चित्र बनवणाऱ्या यंत्रणेला आधी कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर दाखवलेला असतो. ‘आई’ या शब्दासोबत कसले आकार, कसले रंग पुन्हापुन्हा येतात याचा हिशेब तिच्याजवळ असतो. तुम्ही ‘आई’ म्हटलंत, की तिच्या हिशेबात जे जास्त वेळा आलं तेच बहुतेकदा पुढे येतं. म्हणजे सगळ्या आयांची गोळाबेरीज. अशा आईच्या बोटाला सुरीचा जुना वण नसतो. तिच्या साडीला इस्त्री असते आणि ती कधी पहिल्या पाळीला जात नाही. यंत्रणेचा यात दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नाही, तर तिला बिचारीला तो वण कसा कळणार?

तेव्हा बोईसरच्या मैत्रिणी, तुला चित्रातलं कळत नाही असं मला वाटत नाही. त्या चित्रांत कुणा एका आईकडे कुणी निरखून पाहिलेलं नसेल, आणि तुला नेमकं ते जाणवलं असेल. तुझ्या शेजारच्या बाईंना मात्र हसू नकोस हं! पडद्यावरची कुठलीतरी आई पाहून त्यांना त्यांची स्वतःची आठवली असेल. असंही होतं.

आता आजीच्या अंबाड्याकडे वळू. आजीनं फार पक्की चूक पकडलीय. तुम्ही पालघर जिल्ह्यातले असाल तर वारली चित्रं तुम्हाला काही नवी नाहीत. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की धड झालं. वर गोल डोकं, काडीसारखे हातपाय. मग बाई कुठली आणि पुरुष कुठला हे कसं ओळखायचं? बाईच्या डोक्यामागे अंबाड्याचा छोटा गोळा असतो. तेवढा एक गोळा विसरला, की आईची ओळखच पुसली जाते. आजीच्या नजरेतून हे सुटलं नाही, कारण तिनं ती चित्रं भिंतीवर पाहिली असणार.

ही चित्रं मुळात कुणाची, ठाऊक आहे? बायकांची. कारवीच्या कुडाची भिंत शेणानं सारवायची, तिच्यावर गेरूचा हात फिरवायचा. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, हा झाला रंग. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करायचं, हा झाला ब्रश. लग्नघरात सवाशिणी भिंतीवर ‘चौक’ लिहितात. या चौकात मधोमध पालघट देवी असते. ती धान्याची, झाडाझुडपांची, लेकराबाळांची आई. तिच्यावाचून लग्न लागत नाही. आणि लग्न लावणारी कोण? तीही बाईच. तिला धवलेरी म्हणतात, ती गाणी म्हणत लग्न लावते. ज्या दिवशी लेक आपलं घर सोडून निघायची, त्याच दिवसांत घराच्या भिंतीवर बायका मिळून एका आईचं चित्र काढतात. बाजूला लहान पोरी उभ्या राहून बघत असतात. शिकवणीचा वर्ग नाही, वही नाही, ‘आता त्रिकोण काढा’ म्हणणारे मास्तर नाहीत. बघून बघून हात बसतो, आणि एक दिवस त्या पोरी सवाशिणी होऊन स्वतः काडी हातात घेतात.

भिंत पुढे पावसानं खराब होते, पुन्हा सारवली जाते. चित्र जातं. खाली सही नसायचीच. त्यामुळे शेकडो वर्षं ज्यांनी ही चित्रं काढली, त्या बायकांची नावं आज कुठल्याही पुस्तकात सापडत नाहीत. मला ही गोष्ट फार खटकते.

नावं आली ती पुढे, चित्र कागदावर उतरल्यावर. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी डहाणूच्या पाड्यांवर आले. त्याआधी त्यांनी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांना कागदावर चित्रं काढायला प्रोत्साहन दिलं होतं. तेच त्यांनी इथे केलं. आणि इथे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. बोईसरच्या पुढे वाणगाव, मग डहाणू रोड, आणि तिथून आत पूर्वेला गेलं की गंजाड. म्हसे यांचा जन्म १९३४ चा. ते साधारण सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. त्या धक्क्यानं या मुलाचं बोलणंच थांबलं. काही सांगायचं झालं, की तो धुळीत बोटानं चित्र काढून दाखवायचा. पुढे हाच मुलगा बायकांचं समजलं जाणारं काम रोज करू लागला. नुसत्या लग्नापुरतं नव्हे, तर सुचेल ते: मासेमारी, मुंग्या, शेत, तारपा नाच. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते वारले. आईविना वाढलेल्या मुलानं आयांची कला जगभर नेली, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही. मात्र त्यांच्यामागोमाग बरेचसे पुरुषच कागदावर चित्रं काढू लागले, आणि विकत घेणाऱ्यांच्या तोंडी नावं आली ती मुख्यतः पुरुषांची, हेही तितकंच खरं.

तर आजीचा आक्षेप असा मुळापर्यंत जातो. वारलीची चित्रं यंत्रणेला दिली, तर त्रिकोण आणि गोल तिला झटकन जमतात. अंबाडा का हवा, हे मात्र ज्या घरात चौक लिहिला जातो तिथंच कळतं.

एवढं ऐकून काही जण लगेच म्हणतील, “पाहा, आम्ही म्हणतच होतो! यंत्राला मन नसतं!” थांबा, थांबा. संगणकाचं नाव काढलं की नाक मुरडणारी मोठी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांच्यात मला धरू नका. कारण आई आणि मुलगी या विषयावरची मला माहीत असलेली सर्वांत हृद्य चित्रं संगणकानंच काढलेली आहेत. त्यात आई नाही, मुलगी नाही, मांडी नाही, छत्री नाही. नुसत्या वेड्यावाकड्या रेघोट्या आहेत. ती बघायला आपल्याला डहाणूच्या पाड्यावरून थेट युरोपात जावं लागेल.

व्हेरा मोल्नार या बाईंचा जन्म १९२४ चा, हंगेरी देशाच्या बुडापेस्ट शहरात. चित्रकला शिकून त्या १९४७ साली पॅरिसला आल्या आणि तिथंच राहिल्या. त्यांना चौकोन, रेषा, वर्तुळं अशा साध्या आकारांचं भारी वेड. १९५९ च्या सुमाराला त्यांनी एक अफलातून खेळ सुरू केला. संगणक त्यांच्याजवळ नव्हता, मग त्या स्वतःच संगणक झाल्या! आधी नियम लिहायचे: ‘चौकोनांची रांग काढ, दर चौकोन थोडा कलता कर’ वगैरे. आणि मग मनाला येईल तसं न वागता, यंत्रासारखे ते नियम पाळत हातानं चित्र पुरं करायचं. याला त्या ‘कल्पनेतलं यंत्र’ म्हणत.

खरा संगणक त्यांना वापरायला मिळाला १९६८ साली, पॅरिसमधल्या एका संशोधन संस्थेत. म्हणजे साधारण तेव्हाच, जेव्हा इकडे तारापूरला आपलं पहिलं अणुवीज केंद्र उभं राहत होतं. ते १९६९ मध्ये सुरू झालं. त्या वेळचा संगणक म्हणजे कपाटांची रांग. समोर पडदा नाही. काय काढायचं ते आधी सूचनांत लिहून द्यायचं, आणि प्लॉटर नावाच्या यंत्रानं ते कागदावर उतरवेपर्यंत चित्र कसं झालंय ते कळायचं नाही. प्लॉटर म्हणजे पेन धरलेला यांत्रिक हात. ‘उजवीकडे इतकं, वर इतकं, पेन खाली, पेन वर’ अशा हुकमांवर तो चालतो. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत कुणाचे आईबाबा सीएनसी मशिनवर काम करत असतील, तर त्यांना विचारा. तिथंही असेच आकडे असतात, फक्त पेनच्या जागी लोखंड कापणारं हत्यार असतं.

मोल्नारबाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली. संगणकानं काढलेले चौकोन इतके बिनचूक येतात, की बघून कंटाळा येतो. मग त्या जाणूनबुजून थोडी गडबड मिसळू लागल्या. फार नाही, शेकडा एक. म्हणजे शंभरातला एखादाच कोपरा किंचित हलायचा, पण तेवढ्यानं सगळं चित्र जागं व्हायचं. अशी गडबड करायला संगणक मनानंच एखादा आकडा उचलतो. फासा टाकल्यावर कुठला आकडा पडेल ते सांगता येत नाही ना, तसंच.

आणि आता मुख्य गोष्ट. व्हेराची आई तिकडे हंगेरीत, मुलगी इकडे पॅरिसमध्ये. आई दर आठवड्याला पत्र लिहायची. त्या पत्रांतला मजकूर राहू द्या. चित्रकार मुलीला वेड लावलं ते आईच्या अक्षरानं. उंच, टोकदार, जुन्या युरोपातल्या हस्तलिखितांसारखं ताठ अक्षर. पण प्रत्येक ओळीची एक तऱ्हा होती. डावीकडे ओळ सुरू व्हायची ती अगदी शिस्तीत, आणि उजवीकडे जाता जाता अक्षरं अस्वस्थ व्हायची, थरथरायची, एकमेकांवर आदळायची. आई म्हातारी होत गेली तशी ती शिस्त कमी कमी होत गेली. शेवटी शेवटी तर नुसतीच थरथर उरली. वाचता येईना, पण बघत राहावंसं वाटे.

मग एक दिवस पत्रं यायची थांबली.

मुलीनं काय केलं असेल? तिनं आईची पत्रं स्वतःच स्वतःला लिहायला घेतली, संगणकाकडून! आईचं अक्षर आठवून तिनं त्याचे नियम मांडले. ओळ कुठे सुरू होते, टोकं किती उंच जातात, ओळीच्या कितव्या भागात अक्षर बिघडायला लागतं, बिघडतं तेव्हा किती बिघडतं. आणि प्लॉटरच्या पेननं कागदावर ओळींमागून ओळी उमटू लागल्या. त्यात एकही शब्द नाही, नुसत्या वरखाली जाणाऱ्या टोकदार रेघा. तरी लांबून बघितलं तर वाटावं, हे कुणाचंतरी पत्र आहे, आणि लिहिणारीचा हात आता थकलाय. १९८० नंतरची जवळजवळ दहा वर्षं मोल्नारबाई अशी चित्रं करत होत्या. ‘माझ्या आईची पत्रं’ हेच त्या मालिकेचं नाव. त्या स्वतः डिसेंबर २०२३ मध्ये गेल्या. वयाची शंभर वर्षं पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता.

यातही यंत्रच आहे, बरं का! आणि तेही आजच्या मानानं अगदीच ढ यंत्र. पण त्याला सूचना देणाऱ्या मुलीनं आईच्या ओळीचं उजवं टोक कितीतरी वर्षं निरखून पाहिलं होतं.

ओट्यावरची चिठ्ठी वाचून रडू का आलं, हे आता वेगळं सांगायला नको.

तर आता आपण तेच करून बघू या. सगळ्यांनी. मुलांनीही, हे काही फक्त मुलींचं काम नाही. संगणक लागत नाही. मोल्नारबाई पहिली नऊ वर्षं संगणकाशिवायच संगणक होत्या. आलेखाची वही, पेन्सिल आणि सापशिडीचा फासा एवढं पुरे.

आधी आईच्या हातचा एखादा कागद शोधा. वाण्याची यादी, शाळेच्या डायरीतला निरोप, रेसिपीची वही, काहीही. (आई नसेल किंवा लांब असेल, तर आजी, मावशी, ताई, तुम्हाला ज्यांनी वाढवलं त्यांचं कुणाचंही अक्षर चालेल. बाबांचंही.) आता कागदावर काय लिहिलंय ते वाचूच नका. कागद उलटा धरा, म्हणजे शब्द दिसेनासे होतील आणि रेषा दिसू लागतील. आपल्या मराठी अक्षराला एक मोठी सोय आहे, ती मोल्नारबाईंच्या आईला नव्हती. ती म्हणजे शिरोरेघ. ती बघा. आई शिरोरेघ देते, की घाईत सोडून देते? दिली तर सगळ्या शब्दाला एकच, की अक्षरा-अक्षराला तुटक? उजवीकडे जाता जाता ती वर चढते की खाली घसरते? वेलांट्या कशा आहेत? काही जणींची दुसरी वेलांटी शेपटीसारखी पुढच्या शब्दापर्यंत जाते. उकार पोटात वळतो की नुसता फटकारा आहे? ‘र’ आणि ‘स’ वेगळे ओळखू येतात का? हे सगळं आकड्यांत मांडा. ‘शिरोरेघ दहा सेंटिमीटरमध्ये अर्धा सेंटिमीटर वर चढते’, असं. पट्टी लावून मोजा. मोजताना कंटाळू नका, सगळी मजा तिथंच आहे.

मग आलेखाच्या कागदावर एक ओळ घ्या. समजा, तुमच्या ओळीत वीस उभे फटकारे आहेत, प्रत्येक सहा घरं उंच, दोन-दोन घरांच्या अंतरावर. पहिले दहा फटकारे नियमाप्रमाणे जसेच्या तसे काढा. अकराव्यापासून दर फटकाऱ्याला फासा टाका. सहा पडला, तरच तो फटकारा एक घर कमी करा. सोळाव्यापासून चार, पाच किंवा सहा पडला तरी बदल करा: चारला एक घर उंच, पाचला एक घर बुटका, सहाला शेजारच्यावर रेला. ही झाली एक ओळ. दुसऱ्या ओळीत गडबड नवव्या फटकाऱ्यापासून सुरू करा, तिसऱ्या ओळीत आठव्यापासून. अशा आठ-दहा ओळी झाल्या, की कागद हात लांब करून धरा आणि डोळे बारीक करून बघा. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत. तुम्ही तुमच्या आईचे घाला, नाहीतर सगळ्यांची पत्रं माझ्या उदाहरणाच्या आईनं लिहिल्यासारखी होतील!

शाळेत संगणक असेल आणि स्क्रॅच येत असेल, तर हेच त्यात करता येतं. पेन खाली टेकवायचं, आणि फाशाऐवजी स्क्रॅचला एक ते सहामधला कुठलाही आकडा उचलायला सांगायचं. मग एकाऐवजी दोनशे पत्रं होतील. पण पहिलं हातानंच करा.

आता एक अडचण सांगतो, ती तुमच्यापैकी काहींना येणारच. आईच्या हातचा कागदच सापडणार नाही. यादी वाण्याला मोबाइलवर जाते, निरोप मोबाइलवर येतो, डायरीतली सही तेवढी उरते. मोबाइलवरचा ‘जेवलीस का’ सगळ्यांच्या आयांचा एकाच छापाचा असतो; त्यात कुणाची शिरोरेघ चढत नाही. (आईबाबांनो, हे पान तुम्हीही वाचता, हे ठाऊक आहे मला. पुढच्या आठवड्यात एखादी चिठ्ठी हातानं लिहा. मुद्दाम सुवाच्य नको, नेहमीची, घाईतली.) आणि काही घरांत आईला किंवा आजीला लिहिता येत नाही, तिला शाळेत जायला मिळालंच नाही. त्या घरातल्या मुलांनी हे पान उलटायचं का? मुळीच नाही. अक्षर नसलं तरी हात आहे. रांगोळीचा ठिपका ती चिमटीतून कसा सोडते, भाकरी थापताना कडेला बोटं कशी फिरतात, दारातला सडा कुठून कुठे जातो, हे मोजता येतं. आणि आवाज आहे.

आवाजावरून सांगतो. आपल्या महाराष्ट्रातच असं एक मोठं काम झालंय. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत खेडोपाडी फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं, लाखाहून जास्त ओव्या! दळता दळता बायका काय गात होत्या? सासरी गेलेली लेक, माहेरची वाट, आईची आठवण. हे विषय त्यात पुन्हापुन्हा येतात. पुढे गिरण्या आल्या, जाती थांबली आणि ओव्याही थांबत गेल्या. हा सगळा साठा संगणकात उतरवला गेला आणि २०१७ सालापासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहानं तो लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. आता घरबसल्या ऐकता येतो. यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. मगाशी चौकाच्या भिंतीबद्दल जे खटकतं म्हणालो, ते इथे घडलेलं नाही.

तेव्हा तुमचा आलेखाचा कागद पुरा झाला, की तो उलटा करा. मागच्या बाजूला आईचं पूर्ण नाव लिहा, तिचं माहेरचं गाव लिहा, ज्या कागदावरून अक्षर मोजलंत तो कसला होता ते लिहा: यादी, चिठ्ठी, काय ते. खाली तुमचं नाव आणि तारीख. मग तो आईला दाखवा. ती बहुधा म्हणेल, “माझं अक्षर काही इतकं वाईट नाहीये!” त्यावर वाद घालत बसू नका. पट्टी तिच्या हातात द्या.